आहेराची वही

लक्ष्मीपूजनाला पेठेतला व्यापारी नवी वही पुजतो, तेव्हा आमच्या मावळातला माणूस हळहळून म्हणतो, “धंदा आपल्या रक्तातच नाही हो!” हे वाक्य मी भोरच्या बाजारात ऐकले आहे, वेल्ह्याच्या एस. टी. थांब्यावर ऐकले आहे (तालुक्याला आता राजगड म्हणतात, जिभेवर मात्र वेल्हेच येते) आणि मुंबईच्या चाळीत तर ते दर दिवाळीला फराळाबरोबर वाढतात. वाचकहो, हे वाक्य धादांत खोटे आहे. वही आपल्याही घरात आहे. ती आपण पुजत नाही, ट्रंकेत शालूखाली ठेवतो, एवढेच.

ती आहेराची वही. कोणी एकावन्न रुपये दिले, कोणी पातळ, कोणी टोपी-टॉवेल, कोणी पाच पायल्या तांदूळ, सारे तीत नावानिशी असते. वीस वर्षांनी त्या घरचे लग्न निघाले की वही बाहेर येते आणि आलेल्यापेक्षा थोडे अधिक परत जाते. तंतोतंत तेवढेच कोणी देत नाही. तसे दिले तर हिशेब मिटवून नाते तोडल्यासारखे दिसते.

हीच विद्या हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गात चिनी नावाने शिकवतात. ‘ग्वानशी’ म्हणतात तिला. करारावर सही होण्याआधी जेवणावळी व्हायच्या, उपकार लक्षात ठेवायचे, योग्य वेळी फेडायचे, समोरच्याची अब्रू सांभाळायची. आमची पोरे हे टिपून घेतात आणि घरी येऊन आजीला अडाणी म्हणतात!

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर वेंचौ नावाचा मुलूख आहे. डोंगर फार, शेतजमीन थोडी. वेल्ह्याच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. १९७८ नंतर तिथे खाजगी धंद्याला वाट मिळू लागली, पण लहान कारखानदाराला सरकारी बँक सहजी दारात उभे करीना. मग भाऊबंद, सोयरे, शेजारी यांच्याकडून आणि भिशीतून भांडवल उभे राहिले. त्यावर बटणे, बूट, विजेची सामग्री तयार झाली आणि जगभर गेली. भिशी! आमच्या बायका गल्लोगल्ली चालवतात तीच.

मग आपले अडते कुठे? ‘नात्यात व्यवहार नको’ या एका भिंतीपाशी. आवणीच्या दिवसांत सावड होते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. जो येत नाही त्याच्याकडे पुढच्या साली कोणी जात नाही, म्हणून सगळे येतात. पण आंबेमोहोर किंवा इंद्रायणी पोत्यात भरली की सावड संपते. माल ज्याने त्याने एकट्याने परक्या व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकायचा, आणि सख्ख्या मावसभावाने कोथरुडात दुकानातून तांदळाची पिशवी आणायची. भावाला पायलीभर फुकट देऊ, पण दहा मण विकायचे म्हटले की लाजेने मान खाली!

मुंबईच्या डबेवाल्यांनी ही लाज धरली नाही. १८९० पासूनचा त्यांचा धंदा मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव अशा आमच्या शेजारच्या तालुक्यांतल्या माणसांनी चालवला. नवा गडी गावच्या ओळखीने येतो. चुकला तर त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. २०१० साली हार्वर्डने त्यांच्यावर अभ्यास लिहिला, तेव्हा कुठे आम्हांला ते थोर वाटू लागले. (इथे मावळे आणि शिवकाल आणायचा मोह होतो, तो आवरतो.)

कोणी म्हणेल, हा तर वशिला. मुळीच नाही. वशिला वरच्याच्या पायाशी जातो आणि त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. आहेर बरोबरीच्याला दिला जातो आणि चारचौघांत लिहिला जातो. चिन्यांकडेही हा घोटाळा झालाच. साहेबांना मेजवान्या आणि भेटी इतक्या झाल्या की २०१२ च्या अखेरीपासून सरकारला त्यांवर निर्बंध घालावे लागले.

आणि गंमत अशी की ‘नात्यात व्यवहार नको’ म्हणणारेच एका व्यवहाराला नाती बिनदिक्कत जुंपतात. पानशेतच्या, भाटघरच्या पाण्याकाठी शहरातल्या माणसाला बंगल्यासाठी जागा हवी असते. ती मिळवून देणारा दलाल परका नसतो. कोणाच्या तरी चुलत्याचा मेहुणा असतो. सातबाऱ्यावर सतरा नावे असोत, मुंबईच्या चाळीतून आणि नवी मुंबईच्या माथाडी वस्तीतून तो माणूस न् माणूस हुडकून आणतो, एका जेवणावर मने वळवतो. तांदूळ विकायला जे सतरा जण कधी एकत्र बसले नाहीत, ते खाचर विकायला एका सकाळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हजर! रक्तात धंदा नाही म्हणतात तो हाच का?

यंदा दिवाळीला पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतील. नवा तांदूळ निघाला की त्यांच्या गाडीत पोते टाकण्याआधी भाव सांगा, मोकळ्या तोंडाने. पायलीभर वर घाला, ती नात्याची. बाकीचे पैसे घ्या, आणि पुढच्या वर्षी कोणाला किती लागणार ते त्याच शालूखालच्या वहीत, आहेराच्या शेजारी, लिहून ठेवा.