घरचा अभ्यास : ‘कमीत कमी’ म्हणजे कमी नव्हे

२०२४ सालच्या दिवाळीनंतर आम्ही चार-पाच दिवस आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडील आमच्या पुतण्याच्या घरी मुक्कामास होतो. घर अस्सल मराठी, बाजार तेलुगू आणि मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची. असा हा तीन भाषांचा संसार आपल्या वाचकांस नवा नाही. मुलगी आठवीत. पहिल्याच संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन आमच्यापाशी आली व म्हणाली, “आजोबा, माझी सगळी गणितं बरोबर सुटतात आणि सगळी उत्तरं चुकतात. असं कसं हो?”

वही पाहिली. धडा असमानतेचा होता. बेरीज-वजाबाकी निर्दोष; चूक होती ती पहिल्याच ओळीत. ‘वर्गात कमीत कमी ३० मुले आहेत’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत होते. त्यातील ‘ॲट लीस्ट’चा अर्थ तिने मनात बरोबर केला, ‘कमीत कमी’. परंतु ‘कमी’ हा शब्द कानी पडताच हाताने लहानपणाचे चिन्ह काढले आणि क्ष < ३० असे लिहिले. पुढे ‘जास्तीत जास्त ५० किलो’ येताच तेथे मोठेपणाचे चिन्ह! पाचही उदाहरणांत हाच प्रकार. मुलीचे गणित पक्के होते, मराठीही चांगले होते; दोहोंची गाठ मात्र चुकीच्या ठिकाणी पडली होती.

घरोघरी मुले येथे अडखळत असतील अशी आमची खात्री आहे, म्हणून या महिन्याचे सदर आम्ही याच विषयाला देत आहोत. गणित येत नाही असे म्हणणाऱ्या मातापित्यांनीही ते सोडून देऊ नये. येथे लागते ती मुख्यतः मातृभाषा, आणि ती आपणांस येते.

प्रथम शब्द पाहू. ‘कमीत कमी ३०’, ‘किमान ३०’, ‘निदान ३०’, ‘३० पेक्षा कमी नाहीत’ या साऱ्यांचा अर्थ एकच : ३० चालतील, ३१ चालतील, ४५ देखील चालतील, २९ मात्र चालणार नाहीत. म्हणून क्ष ≥ ३०. तेलुगू शेजारीण याच ठिकाणी ‘कनीसं’ म्हणते. ‘जास्तीत जास्त ५०’, ‘कमाल ५०’, ‘५० पर्यंत’, ‘५० पेक्षा जास्त नाही’ म्हणजे ५० चालेल, त्याखालील चालेल, वरचे नाही. म्हणून क्ष ≤ ५०. ‘३० हून अधिक’ म्हटले की ३० स्वतः बाहेर पडतात : क्ष > ३०. ‘५० पेक्षा कमी’ म्हटले की ५० बाहेर : क्ष < ५०. मुलाला चिन्ह विचारण्याआधी तीन संख्या विचाराव्यात : एक सीमेच्या खालची, एक सीमेवरची, एक सीमेच्या वरची. यांपैकी कोणती चालेल, हे व्यवहाराच्या बुद्धीने ते अचूक सांगते. चिन्ह त्यातून आपोआप निघते.

चिन्हांचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली छापले. लहान-मोठेपणाची चिन्हे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात प्रथम छापली गेली ती १६३१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. सीमा आत घेणारे, खाली रेघ असलेले रूप फ्रान्समधील प्येर बुगेर याने १७३४ मध्ये वापरले. म्हणजे ‘सीमा आत की बाहेर’ हे या रूपाने दाखविण्यास आणखी शंभर वर्षे लागली. आठवीतील मुलीने तेथे दोन दिवस घोटाळा केला तर रागावण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात रांगोळीची एक लांब सरळ रेघ ओढविली. मध्ये शून्य, उजवीकडे १, २, ३ आणि डावीकडे उणे १, उणे २ अशा सारख्या अंतरावर खुणा केल्या, दोन्ही टोकांना बाण काढले. ही संख्यारेषा. समीकरणाचे उत्तर या रेघेवर बहुधा एकच घर दाखविते. असमानतेचे उत्तर सारी आळी दाखविते. प्रश्न उरतो तो आळी जेथे सुरू होते त्या कोपऱ्यावरच्या घराचा.

रेघ ओढल्याने प्रश्न संपत नाही, हे आदिलाबादच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट, राजुरा हे या जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले आणि पैनगंगेच्या या काठची मराठी घरे अलीकडे राहिली. रेघ ओढणाऱ्याने काठावरचा बिंदू कोणत्या बाजूचा, हे स्पष्ट सांगावेच लागते. गणितात ते असे सांगतात : सीमेवरची संख्या आत असेल तर भरीव ठिपका, बाहेर असेल तर पोकळ वर्तुळ, आणि मग ज्या बाजूच्या संख्या चालतात तिकडे रेघ ठळक करावयाची.

आमच्या सुनेने भरीव ठिपक्यासाठी रुपयाचे नाणे दिले व पोकळ वर्तुळासाठी हातातील बांगडी. बांगडीतून जमीन दिसते, म्हणजे तेथे कोणी नाही. नाण्याखाली जागा व्यापलेली आहे, म्हणजे तेथील संख्या हजर आहे. एवढे मुलीला पुरले.

उदाहरण आम्ही रेल्वेचे दिले. पाच वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा पूर्ण न झालेल्या मुलाला, स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर, अर्धे भाडे पडते. वय क्ष मानले तर ५ ≤ क्ष < १२. मुलीने पाचावर नाणे ठेवले, बारावर बांगडी ठेवली आणि दोहोंमधील रेघेवर हळद टाकली. मग स्वतःच म्हणाली, “बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी प्रवास केला तर अर्धं तिकीट!”

तिसऱ्या दिवशी पुतण्या कापूस घेऊन बाजारात गेला. आदिलाबाद हे कापसाचे मोठे ठाणे आणि तेथील थंडीही प्रसिद्ध. पहाटेच्या दवाने कापूस ओलावतो आणि ओलाव्यावरून दरसाल वाद होतात. नियम असा : भारतीय कापूस निगम हमीभावाने कापूस घेते तेव्हा पूर्ण भाव आठ टक्के ओलाव्याला असतो. त्यावर प्रत्येक टक्क्यास भावाचा शंभरावा हिस्सा कापला जातो. बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस घेतला जात नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे टक्क्यामागे ७५ रुपये २१ पैसे कपात आणि बारा टक्क्यांना ७,२२० रुपये १६ पैसे.

पुतण्या रात्री उशिरा परतला तो रिकामी गाडी व उतरलेला चेहरा घेऊन. फाटकाशी उभ्या असलेल्या कुणा माणसाने कापसात यंत्र खुपसून पाहिले. आकडा बरोबर बारा आला. “बारा झाले, गाडी फिरवा,” एवढेच तो म्हणाला. मागे गाड्यांची रांग, मजुरी तुंबलेली, थंडी वाढत चाललेली. पुतण्याने गाडी फिरविली आणि अठरा क्विंटल कापूस ६,७०० रुपयांनी एका व्यापाऱ्याला घालून तो घरी आला.

जेवणे चालली होती. मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, नियम ‘बारापेक्षा जास्त’ असा आहे ना? मग बारावर नाणं पाहिजे. त्यांनी बांगडी का ठेवली?”

कोणीच बोलले नाही. पुतण्याने ताटावरून मान वर केली ती बराच वेळ तशीच राहिली. पुढे त्याने स्वतःच वही मागितली. क्विंटलमागे ५२० रुपये १६ पैसे, अठरा क्विंटलांचे ९,३६२ रुपये ८८ पैसे. “काका, मी विचारलंच नाही हो,” तो आम्हांस म्हणाला, “तो कोण होता, हेसुद्धा विचारलं नाही.” शिकलेल्या माणसासही रांगेत उभे असता नियमाचे नेमके शब्द आठवत नाहीत, तेथे गरीब कास्तकाराची काय कथा!

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघेही वहीशी बसले. पुतण्याचा प्रश्न साधा होता : “पुढच्या गाडीला निदान ७,३०० रुपये भाव यावा असं वाटतं. कापूस किती वाळवू?” ओलावा क्ष टक्के मानला. क्ष आठ ते बारा असता भाव होतो ७५२१ − ७५.२१ × (क्ष − ८). तो निदान ७,३०० हवा :

७५२१ − ७५.२१ × (क्ष − ८) ≥ ७३००

दोन्ही बाजूंतून ७५२१ वजा केले :

− ७५.२१ × (क्ष − ८) ≥ − २२१

आता दोन्ही बाजूंना उणे ७५.२१ ने भागावयाचे. येथे सावध राहिले पाहिजे. ऋण संख्येने गुणले वा भागले की चिन्ह उलटते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन व ऋण संख्यांचे नियम लिहिले, त्यातील ‘ऋण’ हाच शब्द धरून आम्ही विचारले, “दोन रुपये असलेला श्रीमंत की पाच रुपये असलेला?” “पाचवाला.” “आणि दोन रुपये कर्ज असलेला बरा की पाच रुपये कर्ज असलेला?” “दोनवाला.” झाले. २ < ५, पण − २ > − ५. संख्यारेषेवर शून्याशी आरसा धरला की जो उजवीकडे अधिक दूर होता तो डावीकडे अधिक दूर जातो. म्हणून क्रम उलटतो. चिन्ह उलटून उत्तर आले :

क्ष − ८ ≤ २.९३ (सुमारे), म्हणजे क्ष ≤ १०.९३

पुतण्याने उत्तर पाहून मान डोलावली. भाव ‘निदान’ इतका हवा असेल तर ओलावा ‘जास्तीत जास्त’ इतका. एक शब्द दुसऱ्यात बदलला तो ओलावा वाढताच भाव उतरतो म्हणून. हे त्याला शेतातून ठाऊक होते. मुलीला ते वहीतून कळले. पडताळाही तिने घेतला : १० टक्क्यांना ७,३७० रुपये ५८ पैसे, चालते, ११ टक्क्यांना ७,२९५ रुपये ३७ पैसे, चालत नाही. ठळक केलेल्या भागातील एक व बाहेरची एक अशा दोन संख्या घालून पाहिल्या की चिन्ह उलटे पडले असल्यास लगेच उघडकीस येते. ही सवय प्रत्येक मुलाला लावावी.

पुढील कापूस दोन दिवस उन्हात पसरला. आम्ही तोवर निघालो होतो. निरोप फोनवर मिळाला. यंत्र अकरावर थांबले. इच्छेपेक्षा चार रुपये त्रेसष्ट पैसे कमी, परंतु हमीभावाच्या हिशेबाने माल गेला. मुलीचे उत्तर शाळेच्या परीक्षेतही बरोबर आले म्हणे.

वाचकांनी घरी एक करून पाहावे. रेशनचा, शाळाप्रवेशाचा, बँकेचा वा बाजाराचा कोणताही नियम हाती आला की तो मुलांकरवी रेघेवर मांडवून घ्यावा आणि सीमेवर नाणे की बांगडी, हे विचारावे. ‘च्या आत’, ‘पर्यंत’ हे शब्द कधी कधी दोन्ही अर्थांनी वापरले जातात. तेथे ज्याने नियम केला त्यालाच विचारण्यास संकोच करू नये. काठावर उभे असणाऱ्याचे नुकसान बहुधा न विचारल्यानेच होते.