भंगारातली पेटी आणि शिकलेला हात



शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कामगारांच्या घरात यंत्राचे वेड नवीन नाही. वडील रांजणगावच्या कारखान्यात, काका दौंडच्या रेल्वेत, मामाचे पुणे-नगर रस्त्याला छोटे गॅरेज. अशा घरातले मूल पान्या-पक्कडीशी खेळतच मोठे होते. उद्या असाच एखादा मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, अपघातात मोडलेल्या हायब्रीड गाडीचा इन्व्हर्टर भंगारात मिळतोय. तो आणून मी बॅटरीवर चालणारी गाडी बनवतो," तर आईवडिलांनी काय करावे? 'नसते उद्योग नकोत' म्हणून त्याला गप्प बसवावे, की कपाटातले पैसे काढून द्यावेत? आमच्या मते दोन्ही चूक. आधी ती पेटी म्हणजे काय हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटार असते. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. मोटारीला लागते थ्री-फेज एसी, आपल्या विहिरीवरच्या मोटारीला लागते तशी. डीसीची एसी करणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. लाईट गेल्यावर घरातला पंखा चालवणारा इन्व्हर्टरही हेच काम करतो, पण गाडीतला इन्व्हर्टर आणखी एक काम करतो. पायाखालचा पॅडल दाबला की मोटारीचा वेग आणि जोर तो कमीजास्त करतो. पेटीच्या आत विजेचे खटके असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघडतात, मिटतात. ब्रेक मारला की हीच पेटी उलटी चालून मोटारीची वीज पुन्हा बॅटरीत भरते.

दौंडकरांना हे लगेच उमगेल. २०१७ साली पुणे-दौंड मार्गावर विजेची तार आली. त्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. डब्ल्यूएपी-७ सारखे इंजिन ती आत घेते, दाब उतरवते, तिची डीसी करते आणि मग इन्व्हर्टरमधून थ्री-फेज करून चाकांच्या मोटारींना देते. आगगाडीच्या इंजिनात जे तत्त्व आहे, तेच भंगारातल्या त्या चारचाकीत आहे. फक्त आकार लहान.

टोयोटा कंपनीने प्रियस ही हायब्रीड गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आणली. आपल्याकडे ती २०१० मध्ये आली, पण महाग असल्याने फार खपली नाही. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्यावर हायब्रीड गाड्या मध्यमवर्गाच्या दारात दिसू लागल्या. म्हणजे यापुढे अशा पेट्या भंगारातही जास्त येणार.

अपघातात गाडीचा पत्रा चेपतो, पण इन्व्हर्टर पुष्कळदा शाबूत राहतो. मग तो दुसऱ्या गाडीला लावता का येत नाही? कारण मूळ गाडीच्या संगणकाकडून हुकूम आल्याशिवाय ही पेटी हलत नाही. नुसती बॅटरी जोडून काही होत नाही. ही अडचण परदेशातल्या हौशी कारागिरांनी सोडवली. आयर्लंडचे डेमियन मॅग्वायर यांनी प्रियसच्या पेटीतला मूळ मेंदू बदलून बसवता येईल असे सर्किट बोर्ड तयार केले. जर्मनीचे योहानेस ह्यूब्नर यांनी मोटारीला हुकूम देणारे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते सर्वांसाठी मोफत खुले ठेवले. पेटीतला ताकदीचा भाग कंपनीचाच राहिला, मेंदू तेवढा नवा झाला. या दोघांनी केलेले काम जगातला कोणीही वाचू शकतो, दौंडचा मुलगाही. विद्या कुलूपबंद ठेवली नाही की ती कुठवर पोचते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता धोक्याची गोष्ट. ही माता-भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी सुमारे २०० व्होल्टची असते आणि पेटी तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवते. २००९ च्या तिसऱ्या पिढीत तो ६५० व्होल्टपर्यंत जातो. हा झटका जीवघेणा आहे. त्यातून पेटीत मोठा कपॅसिटर असतो. बॅटरी सोडवली तरी त्यात वीज साठून राहते. म्हणून बॅटरी तोडल्यावर निदान दहा मिनिटे थांबावे, नंतर मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करावी, मगच झाकण उघडावे. नारिंगी रंगाची केबल ही जास्त दाबाची खूण आहे. तिला उघड्या हाताने शिवू नये. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालावेत. घरातला साधा एमसीबी येथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. डीसीसाठीच बनवलेला फ्यूज हवा. बॅटरी एकदम जोडली तर कपॅसिटर एका क्षणात प्रचंड करंट ओढतो आणि खटके चिकटून बसतात. म्हणून आधी रेझिस्टन्समधून तो सावकाश भरून घ्यावा लागतो. आणि हे काम एकट्याने, रात्री, लहान मुले वावरतात त्या खोलीत कधीही करू नये. बॅटरीला तर बंद करायचे बटणच नसते. ती सदैव जागी असते.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. पेट्रोलच्या गाडीला विजेचा संच बसवायचा तर तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मान्य केलेला असावा लागतो आणि आरटीओत नोंद करावी लागते. घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर विम्याचा आधार नाही. भरपाईत घर विकावे लागेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही हेही त्याच वेळी सांगितले. तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. कौतुक हाताच्या कसबाचे झाले. रस्त्यावर चालवायचा परवाना त्या गाडीला मिळाला नाही.

मग मुलाने स्वप्न सोडायचे का? मुळीच नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल रिक्षाला मोटार आणि बॅटरी जोडण्याचे काम केले. माणसाने माणसाला ओढताना छाती फुटू नये, हा त्यामागचा विचार. त्यासाठी ५०० व्होल्टची गरज पडली नाही. पुढे २०१५ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून ई-रिक्षाला रीतसर स्थान दिले. साध्या यंत्रातूनही गरिबाचे श्रम हलके होतात.

म्हणून आमचा सल्ला असा. मुलाने पहिली पायरी ४८ व्होल्टच्या आतली घ्यावी: भाजीची हातगाडी किंवा आजोबांची तीनचाकी सायकल. चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या वाहनाला नोंदणी लागत नाही. यंत्र केवढे असावे याचा अंदाज त्यावरून घ्यावा. घरी केलेले वाहन मात्र आपल्या आवारात, शेतातच चालवावे. दुसरी पायरी शिक्षणाची. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा ट्रेड आला आहे. जवळच्या संस्थेत आहे का, याची चौकशी करावी, आणि ती मुलीसाठीही करावी. भंगारातली पेटी त्यानंतर, जाणकार माणूस शेजारी असताना, शिकण्यासाठी उघडावी. विकत घेताना पक्की पावती घ्यावी. चोरीच्या मालाचा संशय आधी गरिबाच्या पोरावर येतो. त्या वेळी पावतीच त्याच्या बाजूने बोलेल. आणि यासाठी बचत गटाचे कर्ज काढू नये.

एवढे करून त्याची गाडी रस्त्यावर आली नाही तरी बिघडत नाही. आज शोरूममधून बाहेर पडणाऱ्या हायब्रीड गाड्या उद्या आपल्याच रस्त्यावरच्या गॅरेजात दुरुस्तीला येणार आहेत. तेव्हा नारिंगी केबलला हात लावण्याआधी काय करायचे हे ज्याला ठाऊक असेल, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. मुलगा पेटीचे नाव काढील त्या दिवशी त्याच्यावर ओरडू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, "बॅटरी काढल्यावर किती मिनिटं थांबायचं, सांग बघू." उत्तर बरोबर आले तर पुढचे बोलणे सुरू करा.