शिल्लक सुताचं दुपटं

माझी निम्मी नोकरी सोलापुरात सूत मोजण्यात गेली. चादरी-टॉवेलच्या कारखानदारांना बँक कर्ज देई आणि त्यांच्या गोदामातल्या सुताच्या गाठी तपासायला मी जात असे. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल तारणात धरायचा नाही, हा नियम. त्या नियमानं माझ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीची किंमत शून्य!

परवा ती पेटी खाली काढली. लेकीला सातवा महिना लागलाय. बाळासाठी क्रोशाचं दुपटं विणायचं होतं. "आई, सगळं विकत मिळतं गं. डोळ्यांना कशाला ताण देतेस?" ती फोनवर म्हणाली. मिळतं, खरंच. पण आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी काही आणून ठेवत नाहीत आणि आल्यावरही त्याला आधी जुनेरात गुंडाळतात. कुणी याला अंधश्रद्धा म्हणतं, कुणी चिक्कूपणा. मला त्यात शहाणपण दिसतं. कितीदा तरी धुतलेलं सुती कापड मऊ झालेलं असतं, त्याचा जायचा तो रंग गेलेला असतो. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर तापणाऱ्या आमच्या गावात कृत्रिम लोकरीपेक्षा बाळाला तेच मानवतं.

पेटीत तोरणांतून, रुमालांतून उरलेलं सूत निघालं. पिवळं, आमसुली, थोडं निळं. बारीक-जाड एकत्र विणलं की कडा ओढल्या जातात, म्हणून आधी जाडीनुसार वेगळं केलं. मग लडी करून धुतलं. निळ्यानं पाणी रंगवलं, ते बाजूला ठेवलं. बाळाची बोटं अडकू नयेत म्हणून जाळीची नक्षी टाळून खांब जवळजवळ घ्यायचं ठरवलं. एकाच रंगाचं सूत पुरणार नव्हतं, तेव्हा चौकोन विणून जोडायचे.

तळाशी मात्र हातभर पांढरं विणकाम सापडलं. तीन वर्षांपूर्वी लेकीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा मी उत्साहानं नवं सूत आणलं होतं. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मी ते विणकाम पेटीत टाकलं. त्याविषयी आम्ही मायलेकी कधी बोललो नाही.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "ते नको घेऊस बाई, अपशकुन." मी दोन दिवस विचार केला. सुताला कसला आलाय अपशकुन? असलाच तर तो आमच्या न बोलण्यात होता. दुःख झाकून ठेवलं की घरातले सगळे त्याला वळसा घालून चालतात आणि जिनं ते सोसलं ती एकटी पडते. शेवटी लेकीलाच फोन करून विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू ते ठेवलं होतंस? मला वाटलं, तुम्ही सगळे विसरलात." आणि थोड्या वेळानं, "उसवून तेच घे."

उसवलेलं सूत कुरळं येतं. लडी करून भिजवली आणि खाली वजन टांगून वाळवली, की सरळ होतं.

सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली. आमच्या चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. मागांच्या खडखडाटात वाढलेलं हे गाव. पण क्रोशाचा टाका अजून हातानंच घालावा लागतो. एकेक खांब घेताना सुचतं ते बोलायला वेळ मिळतो. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. ती उघडा, आणि जिच्याशी बोलायचं राहून गेलंय तिला शेजारी बसवून उघडा.

दुपटं निम्मं झालंय. मधले चार चौकोन पांढरे आहेत. लेक आता रोज संध्याकाळी फोन करते आणि आधी विचारते, "आज किती झाले?"