पुस्तकाचं दुसरं पान

मुलांनो, गोष्टीचं पुस्तक हाती आलं की तुम्ही थेट पहिल्या गोष्टीवर उडी मारता ना? आज जरा त्याच्या आधीचं पान उघडा. बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असतं: प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठाचा चित्रकार आणि 'सर्व हक्क सुरक्षित'. एका पुस्तकावर किती घरच्या चुली पेटतात बघा! बांधणी करणारे काका, गठ्ठे वाहणारा टेम्पोवाला आणि दुकानदार यांची नावं तर तिथे नसतातच.

लेखकाला काय मिळतं? बऱ्याचदा शंभर रुपयांच्या प्रतीमागे दहाएक रुपये. हीच रॉयल्टी. ती मिळते कॉपीराइटमुळे. आपल्याकडे हा कायदा १९५७ चा. लेखकाच्या पुस्तकांवरचा हक्क त्याच्यामागे ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतो.

गाण्यांचंही असंच. पूर्वी गीतकार-संगीतकार पुष्कळदा एकदाच पैसे घेऊन मोकळे होत, मग गाणं रेडिओवर कितीही वाजो! २०१२ च्या दुरुस्तीने अशा कमाईत त्यांचा वाटा पक्का केला.

"गोष्टी-गाण्यांनी का देश चालतो?" असं मोठी माणसं म्हणतात. (पालकहो, तुम्हीसुद्धा!) अमेरिकेत याचा रीतसर हिशेब मांडतात. पुस्तकं, वर्तमानपत्रं, गाणी, चित्रपट, सॉफ्टवेअर या साऱ्यांनी २०१२ साली तिथल्या अर्थव्यवस्थेत एक लाख कोटी डॉलरहून जास्त भर घातली. म्हणजे दर शंभर डॉलरमागे सहाहून अधिक! त्यात सॉफ्टवेअरचा वाटा मोठा आहे बरं का, सगळं श्रेय कवींना देऊ नका.

आता आपल्या घरातला हिशेब करू. शिकवताना फळ्यावर कविता उतरवायला कायद्याची सूट आहे. पण अख्ख्या नव्या पुस्तकाची पीडीएफ कुणी मोबाईलवरून शंभर जणांना पाठवली तर? शंभरही जण पुस्तक विकत घेणार नव्हते, हे कबूल. पंचवीस जणांनी तरी घेतलं असतं, असं धरू. दहा रुपयांप्रमाणे लेखकाचे अडीचशे रुपये बुडाले. दुकानदाराच्या पंचवीस प्रती फळीवरच राहिल्या. अशा प्रती पडून राहिल्या की प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायला कचरतो, आणि बांधणीवाल्या काकांकडे ते काम येतच नाही.