पाप नेमकं कुठं शोधायचं?

यंत्रं आली की धर्म मागं हटतो, असं आपल्याकडं हमखास सांगितलं जातं. पुरोगामी मित्र ते आशेनं सांगतात, धार्मिक मंडळी भीतीनं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली अमेरिका दोघांनाही खोटं पाडते. तिथं गिरण्या आणि कालवे वाढत होते, त्याच दशकांत चर्चमधली गर्दीही वाढत होती. या लाटेला इतिहासकार ‘दुसरं महाजागरण’ म्हणतात. ती आपल्यापर्यंतही पोचली. १८१३मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी त्याच वातावरणातून आले होते. पुढं १८४२मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढलं, तेही याच मिशननं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराचं उदाहरण घ्या. १८२०मध्ये तिथं जेमतेम दीड हजार लोक होते. १८२५मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला, जेनेसी नदीच्या धबधब्यावर पिठाच्या गिरण्या फिरू लागल्या आणि १८३०पर्यंत वस्ती नऊ हजारांवर गेली. पूर्वी कारागीर मालकाच्याच घरात राहायचा, त्याच्याच पंगतीला जेवायचा. कामाच्या मध्ये दोघं मिळून व्हिस्की घ्यायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बाजार वाढला तसा मालक वेगळ्या मोहल्ल्यात राहायला गेला आणि मजूर स्वतःच्या वस्तीत. मजुराची मेहनत मालकाला हवी होती, पण संध्याकाळनंतरच्या त्याच्या आयुष्याशी मालकाचा संबंध उरला नव्हता. आता मात्र त्याच मजुराची दारू मालकाच्या डोळ्यांत खुपू लागली.

अशा शहरात सप्टेंबर १८३०मध्ये चार्ल्स फिनी हे धर्मोपदेशक आले. ते मूळचे वकील. माणसाचं भवितव्य आधीच ठरलेलं नाही, पाप सोडायचं की नाही हे त्याच्याच हातात आहे, असं ते सांगायचे. पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना सर्वांसमोर पुढच्या बाकावर बसवायचे. सहा महिने शहर ढवळून निघालं. ३१ डिसेंबरला त्यांचे सहकारी थिओडोर वेल्ड यांनी दारूविरोधात भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी काही व्यापाऱ्यांनी पिंपं फोडून दारू रस्त्यावर ओतली.

इतिहासकार पॉल जॉन्सन यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात या शहराची चर्चदप्तरं आणि कर-याद्या ताडून पाहिल्या. जागरणाची सुरुवात मालकवर्गात झाली, मजुरांकडं ते नंतर गेलं, असं त्यांना दिसलं. चर्चला जाणाऱ्या मजुराला काम मिळणं, टिकणं सोपं झालं. ही सगळी मालकांची लबाडी होती, असं मी म्हणणार नाही. त्यांचा पश्चात्ताप खरा असावा. माझा आक्षेप वेगळा आहे. दारू पाप ठरली, पण मजुराला घरातून आणि पंगतीतून उठवणं पाप ठरलं नाही. व्यसन मजुराचं वैयक्तिक होतं, म्हणून ते दिसलं. मालकाचा नफा हा बाजाराचा नियम होता, म्हणून तो नजरेआड राहिला.

मग धर्म म्हणजे मालकाच्या हातातलं हत्यार, एवढंच म्हणून थांबायचं का? तेही अर्धंच सत्य होईल. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या कापडगिरण्यांत खेड्यांतून आलेल्या तरुण मुली रोज बारा-तेरा तास राबत. रविवारी चर्चला न जाणाऱ्या मुलीला कामावर ठेवणार नाही, असा कंपनीचाच नियम होता. त्याच मुलींनी १८३४ आणि १८३६मध्ये संप केले. सारा बॅग्ली यांच्या पुढाकारानं १८४५मध्ये त्यांनी विधिमंडळाकडं दहा तासांच्या दिवसाची मागणी केली. इतका वेळ गिरणीत गेला, तर मनाची आणि आत्म्याची मशागत करायची कधी, हा त्यांचा एक मुद्दा होता. मालकानं शिकवलेला धर्म त्यांनी मालकालाच ऐकवला.

विधिमंडळाच्या समितीनं गैरप्रकार आहेत हे मान्य केलं, पण उपाय आमच्या हाती नाही, असं सांगितलं. माणसांचा पैशाचा लोभ कमी होईल तेव्हा सुधारणा होईल, असा तिचा सूर होता. मजुराची दारू सोडवायला चळवळ उभी राहते, मालकाचा लोभ मात्र आपोआप कमी होण्याची वाट पाहायची असते!

फिनी यांच्याबाबत एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. पुढं त्यांनी गुलाममालकांना चर्चमधला पवित्र प्रसाद नाकारला. म्हणजे अर्थव्यवहारातलं पाप धर्माला दिसूच शकत नाही, असं नाही. बघायचं ठरवलं, तर दिसतं.

म्हणून कुठलंही धार्मिक जागरण, माझ्या धर्मातलंसुद्धा, मी गर्दीवरून किंवा अश्रूंवरून मोजत नाही. ते पाप शोधायला कुणाच्या घरात शिरतं, हे मी बघतो. फक्त गरिबाच्याच घरात शिरत असेल, तर त्या जागरणाचे डोळे अजून पुरते उघडलेले नाहीत.