विम्याच्या पावतीबाहेरचे मृत्यू

सिंदखेडराजा तालुक्याने दोन वर्षांच्या आत दोन भीषण अपघात पाहिले. २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजूर आणि लोखंडी सळया एकत्रच घेऊन निघालेला टिपर तढेगावनजीक उलटला व १३ मजुरांचा अंत झाला. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, त्याच महामार्गावर पिंपळखुटा शिवारात, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. पहिल्या अपघातातील माणसे रस्ता बांधण्यासाठी आली होती, दुसऱ्यातील माणसे त्या रस्त्याने प्रवास करीत होती. मृत्यूने दोघांत भेद केला नाही. कायदा मात्र करतो, आणि तो कसा करतो हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

अपकृत्याच्या कायद्याचे तत्त्व सोपे आहे : ज्याच्या हयगयीने दुसऱ्याचे नुकसान झाले, त्याने ते भरून द्यावे. परंतु ज्याच्या मालकीचा एकच जुना ट्रक आहे आणि तोही कर्जाऊ, त्याच्याविरुद्ध लाखोंचा हुकूमनामा मिळवून विधवेच्या पदरात काय पडणार? म्हणूनच १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १९४६ पासून अमलात आले आणि १९८८ च्या कायद्याने तेच तत्त्व पुढे चालविले. दोष वाहनमालकाचा, थैली विमा कंपनीची, अशी ही वाटणी आहे. ती उपकारक ठरली यात शंका नाही. पण तिच्यातूनच एक विपरीत परिणाम उद्भवला. हक्क कायद्याने दिलेला असला तरी त्याची सीमा प्रत्यक्षात विम्याची पावती ठरवू लागली. पावतीत जो बसतो त्याला भरपाई मिळते. जो बसत नाही त्याच्या हाती निवाड्याचा कागद उरतो.

तिकीट काढून बसमध्ये बसलेला प्रवासी या पावतीत बसतो. मालवाहू गाडीत मालावर बसलेला मजूर बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली असा निर्णय दिला की, मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर हा अपवाद कायद्याच्या शब्दांतच घातला. ‘फुकट प्रवासी’ हा शब्द जरा ऐकावा! कंत्राटदार ज्याला सकाळी सळयांवर बसवून कामावर नेतो, तो मजूर काय सहलीला निघालेला असतो? २०२१ साली लागू असलेल्या कलमात वाहनमालकाच्या स्वतःच्या नोकरांना, कामगार भरपाईच्या मर्यादेपुरते का होईना, संरक्षण होते. पण मोठ्या बांधकामावर टिपर एकाचा, कंत्राट दुसऱ्याचे आणि मजूर तिसऱ्या मुकादमाने आणलेले, अशी साखळी असते. मजूर नेमका कोणाचा, या प्रश्नावरच वर्षे निघून जातात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

कापूस वेचणीला मेटाडोरमधून आणि ऊसतोडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मजुरांची स्थिती याहून वेगळी नाही. २००७ साली ट्रॉलीवरील एका मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी कायद्याने जबाबदार नाही असे ठरविले. तरीही तिने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. निकाल स्वागतार्हच. पण तो न्यायालयाने आपल्या असाधारण अधिकारात दिलेला दिलासा होता. प्रत्येक मजुराने दिल्लीपर्यंत जाऊन दिलासा मागावा, याला न्यायव्यवस्था म्हणता येणार नाही.

विमा कंपन्या म्हणतात, ज्यांच्यासाठी हप्ता घेतलाच नाही त्यांची जोखीम आम्ही का उचलावी? हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मग हप्ता घ्या! कामावर मजूर ने-आण करणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्यांच्या नावे विमा सक्तीचा करा आणि त्याचा भार मुख्य कंत्राटदारावर टाका. आज मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता तिच्या वजनाच्या गटावरून ठरतो. मालकाने यापूर्वी किती माणसे चिरडली याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे सावध मालक आणि बेफिकीर मालक एकाच रांगेत उभे राहतात आणि भरपाईच्या कायद्याचा धाक हप्त्याच्या पावतीत विरून जातो. विम्याने पीडिताला पैसे द्यावेत. पण अपराध्याला अभय देऊ नये. आधी द्या, मग दोषी मालक-कंत्राटदाराकडून वसूल करा, हे तत्त्व न्यायाधीशाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे.

हा कायदा बदलेपर्यंत आपण स्वस्थ बसू शकत नाही. अपघात होताच सांत्वनाचे हार घेऊन येणारे पुष्कळ असतात. कागद गोळा करणारा कोणी नसतो. पोलिसांतील फिर्यादीची प्रत, गाडीचा क्रमांक आणि विम्याची पावती, कंत्राटदाराचे नाव, हजेरीपट, मजुरीच्या नोंदी हे सारे पहिल्या आठवड्यातच हाती आले पाहिजे, कारण पुढे ते नाहीसे होतात. २०२२ पासून अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्यास सहा महिन्यांची मुदत घातली गेली. तेवढ्याच कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला असला, तरी त्यावर विसंबून उशीर करणे धोक्याचे आहे. सरकारने जाहीर केलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे, हेही घरोघर सांगावे लागेल. मदत सरकारच्या मर्जीवर असते. भरपाई हा हक्क आहे. हा हक्क सळयांवर बसणाऱ्या मजुरालाही मिळवून देणे, हे आपले काम आहे.