विजयदुर्गाला मान द्या, पण खरा द्या

१८ ऑगस्ट जवळ आला की जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. लॉकियर साहेबाने १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला म्हणे! त्या दिवशी किल्ल्यावर कार्यक्रम होतो, मुलं भाषणं करतात. उत्साह चांगलाच आहे. पण मंडळी, तारखा लावून बघितल्या तर ही गोष्ट जुळत नाही.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण बघायला भारतात आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियरनी दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना घरूनच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्यात एक पिवळी रेघ होती. ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, हे पुढे लक्षात आलं आणि हेलियम हे नाव पडलं.

लॉकियर विजयदुर्गला आले हे मात्र शंभर टक्के खरं. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन किल्ल्यात त्यांनी तळ टाकला, सूर्यप्रकाशाच्या रेघांचे फोटो काढले. 'साहेबांचे ओटे' जोडायचे तर या मुक्कामाशी जोडा. तोवर हेलियम पृथ्वीवरच, एका खनिजात, सापडून तीन वर्षं झाली होती.

मग आपल्या हातात उरलं काय? भरपूर उरलं. ती रेघ म्हणजे काय, एवढं जरी मुलांना समजलं तरी क्वांटम विज्ञानाचं दार उघडतं.

आपल्याकडची पाखाडी डोळ्यासमोर आणा. पाय पायरीवर ठेवता येतो, दोन पायऱ्यांच्या मधे हवेत ठेवता येत नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनचंही काहीसं तसंच. त्याला ठरावीक ऊर्जेच्याच पायऱ्या. वरून खाली उतरला की तेवढ्या फरकाचा प्रकाश बाहेर पडतो, आणि फरक ठरलेला म्हणून रंगही ठरलेला. प्रत्येक मूलद्रव्याची पाखाडी वेगळी, म्हणून रेघाही वेगळ्या. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनचा हिशेब लावला. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांनी मात्र त्यांना दाद दिली नाही. ते कोडं १९२६ मध्ये हायझेनबर्ग यांनी नव्या क्वांटम गणिताने सोडवलं.

ग्रहणाने आणखी एक दार उघडलं, सापेक्षतेचं. २९ मे १९१९ च्या ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजला गेला आणि आईन्स्टाईन जगभर पोचले. हे लांबचं वाटतं? देवगड-मालवणच्या तांडेलाला विचारा, जीपीएसशिवाय खोल समुद्रात जाशील का? जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातं. फरक ३८ चा. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणजे आईन्स्टाईनचा हिशेब धरला नाही तर होडी कुठे आणि पडद्यावरचा ठिपका कुठे!

आता मुद्द्याचं. ओरोसला जिल्हा नियोजनाच्या बैठका होतात, पर्यटनाच्या आराखड्यांवर चर्चा होते. त्यात विजयदुर्गासाठी दोन साध्या गोष्टी धरा. एक, किल्ल्यावर १८९८ ची खरी माहिती देणारा मराठी फलक. दोन, गावातल्या एखाद्या शाळेच्या खोलीत हेलियमची नळी आणि वर्णपटदर्शक, म्हणजे पोरांना ती पिवळी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. याला काही कोटी लागत नाहीत.

खोट्या अभिमानाचा तोटा सरळ आहे. उद्या आपलाच एखादा पोरगा बाहेर शिकायला जाईल, चारचौघांत हे ठासून सांगेल आणि कोणीतरी मोबाईलवर तारीख दाखवून त्याला गप्प करेल. आणि विज्ञानाचा दिवस न तपासलेल्या गोष्टीवर साजरा करायचा, तर त्यातून मुलं शिकणार काय?

आरमाराचा किल्ला म्हणून विजयदुर्गाचं नाव आधीच मोठं आहे. त्याला उसन्या शोधाची गरज नाही. खरा सांगूक लाज कसली?

पटलं तर आपल्या गावच्या गुरुजींपर्यंत आणि लोकप्रतिनिधींपर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण तारखांसकट.